सतरावी चिठ्ठी

“आज तोंडी परीक्षा मीही ऐकणार,” म्हणत विभागप्रमुख कारद्झोव्ह सरांनी खुर्ची ओढली आणि परीक्षा घेणारी राडोस्टिना टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे पाहू लागली.

हिरव्या कापडावर तीस चिठ्ठ्या पालथ्या पडल्या होत्या. मुलांनी एक उचलायची, प्रश्न मोठ्याने वाचायचा, उत्तर द्यायचं. रुसे शहरातल्या त्या अर्थशास्त्र विभागात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. एकोणतीस प्रश्न सरांच्या पुस्तकातले. सतरावा मात्र तिने कुणाला न विचारता बदलला होता : ‘तुमच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोण ठरवतं? पाहिलंत ते सांगा.’ वर्षभर तिने मुलांना बाजारात पिटाळलं होतं.

तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. सोमवारी त्यावर सही व्हायची, तीही सरांचीच. घरी लेकीला, छोट्या कालिनाला ताप. शेजारणीच्या हवाली करून आलेली.

चिठ्ठ्या क्रमाने मांडलेल्या; सतरावी काढून घ्यावी म्हणून तिने हात पुढे केला, तोच सरांनी सगळ्या पत्त्यांसारख्या पिसल्या. “काय राडोस्टिनाबाई, घाम कसला फुटलाय? परीक्षा पोरांची आहे ना?”

एकेक जण येई, चिठ्ठी उचली. राडोस्टिना कान टवकारे. ही नव्हे. हीही नव्हे.

शेवटी झ्लातिना आली. टोमॅटो पिकवणाऱ्याची मुलगी. तिने चिठ्ठी पाहिली, मग मॅडमचा पांढराफटक चेहरा.

“बाजारातील समतोल,” तिने वाचल्यासारखं केलं आणि पुस्तकातलं पान घडाघडा म्हणून टाकलं.

“याला म्हणतात तयारी!” सर खुलले. “सहापैकी सहा!”

सुटले, राडोस्टिनाला वाटलं. पण ही पोर तीन महिने घाऊक बाजारात वही घेऊन उभी राहिली होती.

“झ्लातिना, चिठ्ठीवर आहे ते वाच गं.” आवाज आपलाच, हे राडोस्टिनाला जरा उशिराच कळलं.

“राहू द्या ना, मॅडम...”

“वाच.”

तिने वाचलं. सरांनी चष्मा काढला. “हा भाजीबाजार इथे कुणी आणला?”

“मी.”

सरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

झ्लातिनाने घसा खाकरला. “सर, भाव आम्ही सांगतच नाही. ट्रकवाला सांगतो. बाबा नुसती मान हलवतात...”

राडोस्टिनाने आपलं पेन उघडलं आणि मुलगी सांगेल ते लिहून घेऊ लागली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.