फवारणीचा सदरा

"हरलास तर फवारणीचे कपडे तूच धुवायचे. हितं, नळावर, समद्या बायांच्या देखत," दशरथ म्हणाला.

"आन् तू हरलास तर माझे तू धुवायचे." हिंमतरावानं औषधाच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळायला लागला. ढवळायची काठी शेजारीच पडली होती.

धायरीत दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. दशरथ रिक्षा चालवायचा, हिंमतराव लोकांच्या रानात फवारणी करायचा. रानं आता चार-दोनच उरली होती, बाकी सगळ्या सोसायट्या. फवारा सुरू झाला की तिथली आयटीतली पोरं फटाफट खिडक्या लावायची, आणि हिंमतराव मुद्दाम मान वर करून त्यांना रामराम घालायचा.

पैज अशी, की तोंडाला फडकं न बांधता फ्लॉवरचा अख्खा प्लॉट फवारायचा आणि दिवेलागणीला पारावर ताठ उभं राहायचं.

"मला कधी साधी शिंक नाय आली," हिंमतराव नळावरच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमच्या घरात औषध बाधतं ते फक्त मुक्ताईला. कपडे धुवायची पाळी आली रं आली, की हिनं डोकं धरलंच."

हा त्याचा ठेवणीतला विनोद. बाया हसल्या. एरवी त्याची बायको मुक्ताईही हसायची. आज तिनं हंडा कडेवर घेतला.

"पंप गळतोय तुमचा. पाठ सगळी भिजती. वायसर बदला."

"उद्या."

संध्याकाळी त्यानं चिंब सदरा मोरीत टाकला, आंघोळ केली, जहर उतरतं म्हणून गुळाचा खडा चघळला आणि पार गाठला. दशरथनं त्याला एका पायावर उभं केलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. हिंमतराव डुललासुद्धा नाही. शिवाय खिडक्या लावणाऱ्या पोरांची नक्कल करून दाखवली.

"साबण घेऊन ये सकाळी," तो दशरथला म्हणत होता, तेवढ्यात शेजारची कांताबाई धावत आली.

"घरी चला. मुक्ता कसंतरीच करतीये."

मुक्ताई मोरीत भिंतीला टेकून बसली होती. घामानं निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती. सदरा अर्धा पिळलेला, तिच्या मुठीतच.

"अवं, दिवा लावा की," ती म्हणाली.

बल्ब तिच्या डोक्यावरच जळत होता.

दशरथनं रिक्षा काढली. वाटेत हिंमतराव तिच्या तोंडात गूळ कोंबत होता, आणि गूळ लाळेबरोबर त्याच्याच हातावर परत येत होता. दशरथनं आरशातून बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुक्ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारली, भराभर इंजेक्शनं सांगितली. मग तिचे भेगाळलेले तळवे उलटेसुलटे करून बघितले.

"फवारणी कोण करतं?"

"मी."

"आणि ते कपडे या धुतात? आधी कधी त्रास व्हायचा? डोकं दुखणं, चक्कर?"

हिंमतरावानं दशरथकडे बघितलं. दशरथ खाली बघत होता.

"सांगायची ती," हिंमतराव म्हणाला. "आम्ही हसायचो."

चार दिवसांनी मुक्ताई घरी आली ती हात कापतच. चहाची कपबशी वाजायची, म्हणून कांताबाईनं तिला पेला दिला. दुसऱ्या दिवशी दशरथ साबण घेऊन दारात हजर.

"मी हरलोय. आण तो सदरा."

हिंमतरावानं त्याच्या हातातला साबण तेवढा घेतला.

पाणी यायची वेळ होती. नळावर हंड्यांची रांग. हंड्यांपासून लांब, गटाराच्या तोंडाशी सदरा घेऊन तो उकिडवा बसला. दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, मनगटाला सुतळी.

"पैज तर तुम्ही जिंकला होता ना?" कांताबाईनं विचारलं.

"हरलो."

कोणीतरी हसेल म्हणून तो मान खाली घालून थांबला. कोणीच हसलं नाही. तो साबण लावायला लागला.

"पाठीकडनं घासा," उंबऱ्यात बसलेली मुक्ताई म्हणाली. "समदं तिथंच असतंय."

त्यानं सदरा उलटा केला.