पितळी पंप आणि ताकाच्या रंगाची बाटली

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, आणि माझं एका बाटलीशी पटत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढे मी तिच्याबद्दल दोन शब्द चांगले बोललो, तर तुम्हाला वाटेल मी मनाने मोठा आहे. मी पोटाने मोठा आहे. मनाचं अजून जमलेलं नाही.

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तिथून उमाजीअण्णा मला होसकोट्याजवळच्या आपल्या शेवंतीच्या मळ्यात घेऊन आले. घर मराठी, पण कैक पिढ्या इकडेच मुरलेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अण्णांच्या बायकोचं नाव सोयराबाई. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, अण्णासुद्धा.

माझ्या पोटात मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी भरायचं, मला पाठीवर घ्यायचं आणि दांडा हापसत ओळींमधून चालायचं. पानांवर ठिपके दिसले की मला हाक यायची. शेजारचे मला मागायला यायचे, तेव्हा अण्णा म्हणायचे, "बायको माहेरी पाठवीन, पंप नाही देणार." अक्का आतून ओरडायच्या, "मग जेवायलाही पंपच वाढेल!" किती सुखाचे दिवस होते ते!

मग मळ्यात मर आली. ही बुरशी पानावर बसत नाही, मातीत राहून मुळं धरते. सकाळी ताठ उभं असलेलं रोप दुपारी मान टाकतं. माझं निळं पाणी तिच्यापुढे हरलं. आजूबाजूच्या मळ्यांची एकेक करून गोदामं झाली होतीच, आता गोदामवाला आमचाही मळा विकत मागत होता. नवी रोपं लावताना अक्का म्हणाल्या, "ही पण गेली, तर गोदामवाल्याला 'सरी, घ्या मळा' म्हणून टाकते. रोज मेलेली झाडं उपटायला माझ्याच्यानं होत नाही."

तेव्हा ती बाटली आली.

अण्णांची पुतणी अक्षरा बेंगळुरूत, हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिने पिशवीतून एक बाटली काढली. आत ताकासारखं गढूळ काहीतरी. ना रंग, ना रूप, ना दांडा.

"यात जिवंत जीवाणू आहेत, अक्का. चांगले. मुळांभोवती वस्ती करतात, बुरशीला जागाच देत नाहीत. आणि जस्ताचे कण आहेत, इतके बारीक की साध्या भिंगातूनही दिसायचे नाहीत. तेही बुरशीला आवरतात. फक्त प्रमाण जपावं लागतं. कण जास्त झाले तर आपलेच जीवाणू मरतील. अजून चाचणीच चालू आहे, पण करून बघूया."

"जिवंत? मग यांना खायला काय घालू?"

"पाण्यात कालवताना स्वल्प गूळ. आणि ऊन लागू देऊ नका."

झालं! बाटलीला माठाशेजारची गार जागा मिळाली, वर ओलं फडकं. अक्का जाता-येता तिला हात लावून बघायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मी इतके उन्हाळे पत्र्याखाली काढले, मला कुणी ओलं फडकं दिलं नाही. मित्रांनो, पितळ नुसतं उन्हाने तापत नाही.

आयुधपूजेला सगळी अवजारं ओळीने मांडली. कोयते, खुरपी, निळा प्लॅस्टिकचा पंप. बाटली सगळ्यांच्या पुढे, कुंकू लावून! मी मागे, भिंतीला टेकून. अण्णांना ते बघवलं नाही. ते म्हणाले, "नवं औषध आहे. पहिला मान घरच्या पंपाचा. उद्या दसरा, यातूनच सुरुवात करू."

अक्षराने फोनवर बजावलं होतं, "पंप स्वच्छ हवा हां, जुन्या औषधाचा अंश नको." म्हणून अक्कांनी मला चिंच लावून आतबाहेर घासलं. मी असा लखलखलो की माझ्यात त्यांचा चेहरा दिसला. दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी माझ्या पोटात आलं. मी मनात म्हटलं, कितीही मिरव, शेवटी जायचंय माझ्यातूनच.

दोन ओळी झाल्या आणि अण्णांची कंबर धरली. उरलेला मळा अक्कांनी प्लॅस्टिकच्या पंपाने केला.

काही आठवडे गेले. आमच्या त्या दोन ओळींनी माना टाकल्या. अण्णा भडकले. "पाणी आहे नुसतं! शिकलेल्यांचं ताक!" आज दोन ओळी, उद्या सगळा मळा, असं म्हणत अक्कांनी फोन उचलला, गोदामवाल्याला लावायला. मी मात्र पत्र्याखाली खूश होतो. बाटली हरली होती ना!

नेमकी त्याच वेळी अक्षरा आली. फाटकातून तिने मळा पाहिला आणि म्हणाली, "अक्का, फोन ठेवा. ह्या दोनच ओळी का गेल्या? बाकीचा मळा तर उभा आहे."

"त्याच ओळींना तर मानाचा पंप लावला," अण्णा म्हणाले. "आपला पितळी!"

अक्षराने कपाळाला हात लावला. "अहो अण्णा, पितळेत तांबं, मोरचुदात तांबं. तांबं बुरशीला मारतं तसं जीवाणूंनाही मारतं. हा जन्मभर मोरचूद प्यायलाय. घासून काय होणार? ते बिचारे मुळाशी पोचायच्या आधीच याच्या पोटात मेले!"

अक्का उठून मळ्यात गेल्या. आधी मेलेल्या ओळींपाशी उभ्या राहिल्या, मग शेजारच्या ओळीतलं एक रोप हलवून पाहिलं. ते घट्ट होतं. परत येऊन त्यांनी फोन लावला आणि गोदामवाल्याला म्हणाल्या, "मळा द्यायचा नाही."

मित्रांनो, माझ्या दोन ओळी मेल्या, म्हणून बाकीच्या कशाने जगल्या ते कळलं. मळा वाचला तो माझ्या हरण्याने. ही गोष्ट गिळताना मला मोरचुदापेक्षा कडू लागली.

आता मला कुणी पाठीवर घेत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल, तर त्याला प्रेमापोटी भलत्या कामाला जुंपू नका, आणि काम संपलं म्हणून भंगारातही घालू नका. पुसा, आणि जवळ बसवा.

यंदाच्या आयुधपूजेला अक्कांनी मला पुन्हा घासलं आणि पुढच्या ओळीत, बाटलीच्या शेजारी ठेवलं. त्या जगलेल्या रोपांच्या शेंड्यांपासून केलेल्या नव्या रोपांची पिवळीधमक शेवंती आम्हा दोघांना वाहिली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

माझं फूल मोठं होतं.