नाव शेवटी

काशीरामने आयुष्यात शंभर-दीडशे तरी रहस्यपट रत्नागिरीभर ओरडून खपवले असतील, पण त्यातले धड दहाही त्याने पाहिले नव्हते. गरजच पडायची नाही. रिळांची पेटी शुक्रवारी सकाळच्या एसटीने यायची आणि जाहिरातीची रिक्षा तर गुरुवारपासूनच फिरायची. पोस्टर बघायचं, बाकीचं पदरचं घालायचं. तसे हे पिक्चर सगळे एकाच माळेचे मणी. फोन वाजतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. लाइट जाते. बाई 'कोण आहे?' विचारत एकटीच जिना उतरते, वर गप बसायची अक्कल एकीलाही नसते. सगळ्यांत गोड बोलणारा खुनी निघतो, आणि पोलीस येतात ते सगळं आटोपल्यावर.

माईकवर बोलायची रीतही ठरलेली. आवाज घशात खाली उतरवायचा. आधी सवाल टाकायचा, मग दम धरायचा, मग दुसरा सवाल. नाव, टॉकीज, खेळाची वेळ, सगळं शेवटी. नाव आधीच सांगितलं तर पुढचं ऐकतो कोण? रिक्षा चालती असायची, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाच्या कानावर दोनच वाक्यं पडायची. पण मागे पोस्टर चिकटवलेलं असे, त्यामुळे काम भागायचं.

नव्याण्णव सालच्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दहाच्या सुमाराला, त्याची बायको कमळा धापा टाकत टॉकीजवर आली. मामंजी घरात नाहीत म्हणाली. ती विहिरीवर गेली तेवढ्यात ते बाहेर पडले होते. सगळी वाडी तिने पालथी घातली होती.

काशीरामचे वडील भागोजी दोन वर्षांपासून विसरत चालले होते. आधी जेवलेलं विसरले, मग घराची वाट, मग पोटचा मुलगा. काशीरामला ते 'मास्तर' म्हणायचे आणि तुमी कुनाकडचे, असं अदबीने विचारायचे. काशीराम हसण्यावारी न्यायचा. रात्री मात्र ते त्याला फार लागायचं.

"माईक हाय ना आपल्याकडं," रिक्षावाला बाबल्या म्हणाला. "बसा. फिरूया."

पोस्टर काढायला कुणाला सुचलं नाही. काशीरामने माईक तोंडाशी धरला आणि साध्या आवाजात 'माझे वडील' म्हणायला गेला, तर जमेना. शब्दच फुटेना. मग जो आवाज फुटत होता त्याच आवाजात तो बोलला.

"एक म्हातारा... सकाळी घराबाहेर पडला... आणि परत आलाच नाही! तो गेला कुठे?"

दम धरून त्याने पुढे निळा सदरा सांगितला, उजव्या पायाने लंगडतात हे सांगितलं, आणि नाव-पत्ता शेवटी. हात माईकवर गेला की जीभ आपल्या सवयीने चालायची. मारुती मंदिर झालं, कुवारबाव झालं, मिरजोळ्याकडची चढण झाली. लोक हसून बघत होते. पानाच्या टपरीवरून एकाने ओरडून विचारलंसुद्धा, "कधीपासून लागतोय?" काशीरामला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

दुपारी तीनला भागोजी सापडले, त्याच चढणीच्या वरच्या अंगाला, चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीत. पावसाचं पाणी साचून तिचा डोह झाला होता. काशीरामने ओळख पटवली, विचारलं तिथे सही केली, चार माणसांना निरोप धाडले. डोळ्याला पाणी नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला, बसून बसून पायाला मुंग्या याव्यात तसं त्याला सगळ्या अंगाला झालं होतं.

वडिलांच्या जलदानविधीच्या दिवशी यमुनाबाई आली. खाणीच्या अंगाला तिची शेरडं चरतात.

"मी तुमची गाडी आयकलेली," ती म्हणाली. "म्हातारा माज्याच बाजूला बसलेला. पानी मागितलान, ता दिलंव. मला वाटला, नव्या पिक्चरचा हाय. गाडी वळान खाली गेली, फुडचा काय आयकायला आला नाय."

काशीरामने तिच्याकडे पाहिलं. "त्यांनी ऐकलं?"

"आयकलान तर. हात वर करून मला गप केलान. बोल्ला, माजा काशी बोलतोय. उटला नि आवाजाच्या मागनं चालायला लागला. खाणीवरनं जवळची वाट हाय ना खाली जायला."

"काशी म्हणाले?" त्याने विचारलं.

"दोनदा बोल्ला."

काशीरामने मान हलवली आणि यमुनाबाईसाठी चहा टाकायला कमळाला सांगितलं.