मिटलेली पाती

"ही छत्री तुझ्या धनुष्याला झेपायची नाही, आर्डिस," आयनार म्हणाला.

दुकानाच्या काउंटरवर बाणाची दोन टोकं पडली होती. एकाची पाती पक्की, कायमची उघडी. दुसऱ्याची छत्रीसारखी मिटलेली, हरणाच्या अंगात शिरताना फाकणारी आणि रुंद जखम करणारी.

"खांद्याच्या ऑपरेशनपासून तुझी दोरीची ओढ हलकी झालीय. पाती उघडण्यातच बाणाचा निम्मा जोर जाईल. पक्कं टोक घे, म्हातारे."

"गेल्या वर्षी पक्कंच घेतलं होतं की."

तिच्या थोरल्या भावाने पक्कं टोक बाजूला सरकवलं. गेल्या वर्षी तिची जखमी हरिणी काटेरी झुडपांत शिरली होती. रक्त थेंब थेंब सांडलेलं, पुढे तेही नाही. सापडली तेव्हा कोल्ह्यांनी तिला जिवंतपणीच फाडायला घेतलं होतं. आर्डिसला आता ठळक माग हवा होता आणि झटपट मरण. तिने मिटलेली टोकं उचलली.

नोव्हेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी, विस्कॉन्सिनच्या टेकाडावर, ती ओकच्या झाडावर मचाण बांधून बसली होती. तीन-चार हरिणींमागून एक नर आला, आडवा उभा राहिला. तिने बाण सोडला. 'थप्' असा ओला आवाज आला. नर खाली बसला आणि कुशीवर कलंडला.

हरिणी मात्र पळाल्या नाहीत. माना वर करून मचाणाकडे बघत राहिल्या. आर्डिस खाली उतरली, तेव्हा कुठे सावकाश चालत झाडीत गेल्या.

बाण पलीकडे मातीत रुतला होता. कोरडा ठणठणीत. पाती मिटलेली, त्यांना धरून ठेवणारी रबरी कडीसुद्धा शाबूत. तिने नराच्या अंगावरून हात फिरवला, उलटवून पाहिलं. ओरखडा नव्हता.

तिने फोन करून आयनारला बोलावलं.

"तुझं तोंड बघून मेला असेल," तो हसत म्हणाला आणि सुरी घेऊन बसला. बरगड्या धड निघाल्या. मग त्याने आत हात घातला, आणि त्याचं हसू मावळलं. काळीज दोन तुकड्यांत बाहेर आलं.

आर्डिसने टोकाची पाती बोटांनी फाकवून त्या कापावर धरली. रुंदी तंतोतंत जुळली.

"हे मांस घरात नको," आयनार हळूच म्हणाला.

"मी मारलंय ते. टाकून कसं देऊ?"

"तू मारलंयस? खात्री आहे तुला?"

ती फावडं आणायला गेली. दोघांनी खड्डा खणून नराला पुरलं.

पुढच्या आठवड्यात ती पक्की टोकं घेऊन पुन्हा मचाणावर गेली. भीती घालवायची तर तिथंच घालवायची, असा तिचा हट्ट. ऊन वर आल्यावर एक हरिणी आली. आर्डिसने अजून धनुष्य उचललंही नव्हतं. हरिणीने वर पाहिलं, थेट झाडाखाली आली, पुढचे पाय मुडपले आणि पाचोळ्यावर आडवी झाली. कूस वर, मान लांब ताणलेली.

"ऊठ," आर्डिस म्हणाली. "ऊठ गं बाई, जा."

हरिणी हलली नाही. बरगड्या तेवढ्या वरखाली होत होत्या.

आर्डिसने धनुष्य फांदीला अडकवलं आणि शिडी उतरली. पडलेल्या हरिणीला वळसा घालताना आर्डिसला तिच्या श्वासाची ऊब पायांवर जाणवली. आर्डिस पळाली नाही. पळायचं धाडसच झालं नाही.

"धनुष्य मी आणतो जाऊन," आयनार त्या संध्याकाळी म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "तूही जाऊ नकोस."