वानरं, दोन पळ्या आणि रक्षाचं सायन्स

मी बोलतोय ते ओरडल्यासारखं वाटेल, सांभाळून घ्या. आवाज करणं हेच माझं काम. मी वानरं पळवायचं यंत्र. माझं अंग म्हणजे तेलाचा रिकामा डबा, पोटात भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आणि हात म्हणजे शांतीबाईंच्या चुलीपाशी लटकणाऱ्या दोन पळ्या. पळ्या त्यांना न विचारता घेतल्या होत्या, त्यामुळे त्या घरात माझं स्वागत शिव्यांनीच झालं.

मला बनवलं त्यांच्या मुलीनं, रक्षानं. तिची दहावीची परीक्षा झाली होती. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं शाळेतल्या मुलांना सुट्टीत बोलावलं होतं, हा विषय असतो तरी काय ते बघायला. रक्षाला वाटलं, मोठमोठी यंत्रं दाखवतील. तिथल्या मॅडमनी आल्या आल्या विचारलं, "तुमच्या घरी रोज कशाचा त्रास होतो?"

एक जण म्हणाला, "धाकट्या बहिणीचा."

रक्षा म्हणाली, "वानरांचा. केळीचा एक घड पिकू देत न्हाईत."

"मग त्यावरच काहीतरी करून बघ," मॅडम म्हणाल्या. मोटर आणि बॅटरी जोडायला ती तिथं शिकली आणि आमच्या गावी, कुंभारवाड्याला, परत येऊन तिनं मला उभं केलं.

तिचे वडील महाबळेश्वर, म्हणजे घरातले अप्पा, मला बघून म्हणाले, "इंजिनिअर मी बघितल्यात. टोपी घालून येत्यात, रस्ता मोजत्यात, जात्यात. रस्ता काय येत न्हाई." रक्षाला दांडेलीत राहून सायन्स शिकायचं होतं. अप्पांनी अट घातली, "ह्या डबड्यानं वानरं पळाली तर सायन्स. न्हाईतर इथंच जवळ, जोयड्यात आर्ट्स."

पहिल्या सकाळी माझं चाक फिरलं. चाकावरच्या खिळ्यांनी पळ्या उचलल्या, सोडल्या. खण्! खण्! खण्! वानरं पळाली. शेजारच्या येसाजीची म्हैसही पळाली, दावं तोडून थेट बस थांबते तिथवर. रक्षाची आजी, पुतळीबाई, कानांवर हात ठेवून म्हणाली, "मारुतीची लेकरं ती! बहिरी व्हतील की!" आणि प्रायश्चित्त म्हणून तिनं दोन केळी कुंपणावर ठेवली.

पण थोड्याच दिवसांत वानरांना माझा ताल पाठ झाला. एक थोराड हुप्प्या माझ्याच डोक्यावर बसला, शेपूट खाली सोडली आणि केळं सोलू लागला. खण् झालं की एक घास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा हसून हसून खाली बसले. "झालं तुझं इंजिनिअरिंग!"

रक्षा जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर चढली, कारण मोबाईलला रेंज तिथंच मिळते. "मॅडम, माझं यंत्र फेल गेलं."

"अरे वा! का गेलं?"

अप्पाही मागोमाग चढून आले होते. "फेल गेलं तर वा म्हणत्यात? कसली शाळा ही?"

रक्षा टेकडी उतरली. दिवसभर केळीखाली बसून ती वानरांकडं बघत राहिली. मग तिनं माझे खिळे उपटून वेडेवाकडे ठोकले. बॅटरीच्या तारेत पत्र्याची एक सैल पट्टी बसवली. वारा आला की पट्टी जुळायची, गेला की सुटायची. आता मी कधी ओरडेन हे माझं मलाच कळेना.

अप्पा दारातून बघत होते. "एका जागी ठेवू नको त्याला. बुजगावणं मी रोज हलवतो," असं म्हणाले आणि काही बोललोच नाही अशा थाटात गोठ्याकडं गेले.

हुप्प्या आला, बसला, केळं सोललं. वारा सुटला. खणाखण् खण्! तो असा उडाला की केळं हवेतच राहिलं.

संध्याकाळी येसाजी तणतणत आला. "तुमची वानरं माझ्या बागेत का धाडलीत?"

रक्षाचा चेहरा पडला. अप्पांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "पळाली तर खरी. पण पळून गेली कुठं, ह्याचा विचार आपण केलाच न्हाई. हे सुट्टीत व्हणारं काम न्हाई गं. शिकायलाच पायजे. दांडेलीची बस किती वाजता हाय?"

आता रक्षा दांडेलीच्या हॉस्टेलात आहे. मी ओसरीवर, पोत्यावर पडलोय, तुकड्यातुकड्यांत. मोटर कशी फिरते ते बघायला अप्पांनी मला उघडलं. परत जोडलं तेव्हा एक स्क्रू हातात उरला. पुन्हा उघडलं, तर तीन उरले. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात लपवलेत आणि काल टेकडीवर जाऊन फोनवर म्हणाले, "सगळं बरं हाय. पण तू जरा लवकर ये."

रक्षा, लवकर ये बाई. आणि आल्यावर अप्पांना ओरडू नकोस. उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी उघडून बघितलंय.