ताडून बघायचं रक्त

“आजारी तो, मग रक्त माझं कशाला?” अक्काने दंडावरची बाही खाली ओढली.

गाड्यांची सीट-कव्हरं शिवून संसार सावरलेल्या अक्काने काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाला आपलं मूत्रपिंड दिलं होतं. आता त्याच्या मानेत कर्करोगाची गाठ निघाली होती.

संशोधन करणारी डॉक्टर शांतपणे सांगत होती. “एक विषाणू बहुतेकांच्या अंगात गप्प पडून असतो. तुमचं मूत्रपिंड टिकावं म्हणून भावाची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी कमी ठेवली होती. अशा वेळी तो डोकं वर काढतो, कधी त्यातून गाठ होते. ती त्यांच्या पेशींतून वाढली की मूत्रपिंडासोबत गेलेल्या तुमच्या, हे जनुकं ताडून कळतं.”

“म्हणजे खापर माझ्यावर.”

“तसं नाही हो. पुढच्या रुग्णांसाठी विचारतोय. भाऊ हो म्हणालेत.”

भाऊ हो म्हणाला? अक्का तडक उठली. बाहेर बाकावर भावजय बसली होती. आठवडाभर तिने फोन उचलला नव्हता.

“हे डोकं तुझंच ना?”

“माझं डोकं कधीच बंद पडलंय, वन्सं. ह्यांनीच बजावलंय, अक्काशी काही बोलू नकोस म्हणून.”

अक्का वॉर्डात शिरली. “काय रे, मला चुकवतोयस?”

“चुकवतोय कसला? तू तर पोटातच ठाण मांडलंयस.”

ती हसली नाही. “माझ्यामुळे झालं असं वाटतं ना तुला? खरं बोल.”

धाकट्याने मान फिरवली. “गोळ्या कमी केल्यात, अक्का. त्याने गाठ विरेल म्हणतात. पण मग अंग तुझ्या मूत्रपिंडावरच उठेल कदाचित. तू दिलेलं मला सांभाळता आलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

अक्काने त्याचं पांघरूण उगाचच सारखं केलं. “गधड्या,” ती म्हणाली.

डॉक्टरच्या खोलीत परतून तिने बाही वर केली. “निकाल मला नको. त्यालाही सांगायचा नाही.”

“नाही सांगणार.”

“आणि नावाची चिठ्ठी माझ्यासमोर चिकटवा. तुमचा काय नेम.”

नळीवर चिठ्ठी चिकटेपर्यंत तिने नजर हटवली नाही.

“थांबलं रक्त. सोडा आता,” डॉक्टर म्हणाली.

अक्का कापूस दाबून तशीच बसून राहिली.