अंड्यातली पोकळी

आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले; खातं मात्र ह्यांच्यातून निवृत्त झालं नाही.

टायफॉइडनंतर डॉक्टरांनी ह्यांना रोज एक अंडं सांगितलं. आमच्या सात पिढ्यांत कोणी अंड्याला हात लावला नव्हता. तरी मी म्हटलं, माणूस उभा राहिला पाहिजे. मागच्या अंगणात चूल मांडा आणि खा. दर आठवड्याला दारव्ह्याच्या बाजारातून हे तांड्यावरच्या मानीबाईकडून सात अंडी आणायचे, रोज सकाळी अंगणात जायचे आणि तोंड पुसत घरात यायचे. तीन आठवडे झाले तरी गालफडं भरेनात. मला धास्तीच बसली. शेवटी बाजाराच्या दिवशी सकाळी मी चुलीसमोर ठाण मांडून बसले.

ह्यांनी अंडं उकडलं, सोललं, तर बूड पार बसलेलं, तिथे भला मोठा खळगा. ह्यांचा पारा चढला. म्हणाले, माप कमी भरलंय, म्हणूनच अंगी लागत नाही. तेच अंडं डब्यात घालून मला घेऊन थेट मानीबाईसमोर.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, सोलताना कसं निघालं? हे म्हणाले, झटकन. तिनं एक कच्चं अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. कवचाच्या आत, बुडाशी, दोन पापुद्र्यांच्या मध्ये डाळीएवढी पोकळी दिसली.

“हे कालचं हाये, साहेब. अंडं शिळं होते तशी पोकळी वाढते, अन् पापुद्रा बी लवकर सुटते. तुमचं तं तीन हप्त्याचं हाये. कोंबडीनं माप बराबर देल्लं, तुम्ही कायले ठेवलं इतके दिवस?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चपलांकडे पाहत होते. मी सात ताजी अंडी घेतली.

घरी आल्यावर ह्यांनी आपली वजनांची जुनी पेटी माझ्यापुढे उघडली. किलोच्या खाचेत, दोन किलोच्या खाचेत, अंडीच अंडी. आज मी समोर बसले म्हणून नाइलाजानं एक बाहेर आलं, तेही सरकारी शिस्तीनं, सगळ्यांत जुनं.

“रत्ना, मला ते गिळवतच नाही गं.”

राग आला, हसू आलं, जरा रडूही आलं. मग पदर खोचला. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून नाक दाबत ताज्या अंड्यांची भुर्जी केली, माझ्याच ओट्यावर.

ह्यांनी डोळे मिटून एक घास घेतला. मग दुसरा. ताटली पुसून झाली.

“काय, राहिली का पोकळी?” मी विचारलं.

“राहिली ना,” ताटली पुढे करत म्हणाले, “पोटात.”